ॲक्चुअरींच्या शिक्षणाची पंचवार्षिक योजना आखताय? या चुका टाळा

ॲक्चुअरींच्या, म्हणजे विमा आणि पेन्शनमधली जोखीम आकड्यांत मोजणाऱ्या तज्ज्ञांच्या, संघटनेच्या शिक्षण समितीवर नवा सदस्य आला की पहिल्याच बैठकीत दोन सूचना हमखास येतात. अभ्यासक्रमात मशीन लर्निंग घाला, आणि फेलो, म्हणजे सगळ्या परीक्षा पार केलेला पूर्ण सदस्य, व्हायला लागणारी वर्षं कमी करा. दोन्हींत तथ्य आहे. अडचण एवढीच की सूचना करणाऱ्याला पुढच्या बैठकीपर्यंत आराखडा हवा असतो, तोही रंगीत स्लाइड्ससकट. मग पुढे तेच ते सगळं होतं.

रस्ता लांब आहे, हे कुणी नाकारत नाही. १९४४ मध्ये स्थापन झालेली ॲक्चुअरिअल सोसायटी २००६ च्या ॲक्चुअरीज ॲक्टनं इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्चुअरीज ऑफ इंडिया झाली. आज त्या रस्त्यावर आधी 'एसेट' ही प्रवेश परीक्षा, मग सीएस (संख्याशास्त्र), सीएम (ॲक्चुअरीचं गणित), सीबी (व्यवसाय आणि अर्थशास्त्र) हे पायाभूत पेपर, मग प्रत्यक्ष कामावरचे सीपी, त्यानंतर निवडलेल्या शाखेचे एसपी आणि शेवटी सगळ्यात वरचा एसए. बहुतेक पोरं हे नोकरी सांभाळून, लोकलमध्ये उभ्याने नोट्स वाचून करतात. त्यांच्या आयुष्याची पाच-सात वर्षं आपण एका बैठकीत इकडची तिकडे करतो, एवढं समितीत बसलेल्यांनी ध्यानात ठेवलं तरी निम्म्या चुका टळतील.

विषयांच्या यादीपासून सुरुवात करणं

फळ्यावर पहिल्या मिनिटाला 'नवीन विषय' असं लिहिलं गेलं की समजावं, योजना फसली. हवामान-जोखीम, डेटा सायन्स, क्रिप्टो, ज्याला जे सुचेल ते. काढायचं काय, हे मात्र कुणी बोलत नाही, कारण प्रत्येक जुन्या विषयाचा एक पालक बैठकीत बसलेला असतो.

मी उलट बाजूनं जायला लावतो. ॲक्चुअरी कशाकशावर सही करतो त्याची यादी करा. विमा कंपनीतल्या अपॉइंटेड ॲक्चुअरीची राखीव निधीच्या मूल्यांकनावरची सही, नव्या पॉलिसीच्या दरांवरची सही, चाकणच्या एखाद्या कारखान्याच्या ग्रॅच्युइटीच्या अहवालावरची सही. आता इंड एएस ११७ या विमा करारांच्या नव्या हिशेब-मानकाचे आकडे आले. प्रत्येक सहीपुढे लिहा, ही चुकली तर भोगणार कोण. मग विषय आपोआप सापडतात, आणि काही जुने विषय आपोआप गळतात.

ब्रिटनमधली इक्विटेबल लाइफ आठवा. पेन्शन पॉलिसींवर वार्षिकीच्या (निवृत्तीनंतर ठरावीक काळानं मिळत राहणाऱ्या रकमेच्या) दराची हमी दिलेली, व्याजदर उतरल्यावर ती हमी जड झाली, जुलै २००० मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सचा निकाल विरुद्ध गेला आणि डिसेंबरात कंपनीनं नवा व्यवसाय घेणं थांबवलं. वार्षिकीचं सूत्र न येणारे ॲक्चुअरी तिथे नव्हते. त्यानंतर २००५ मध्ये आलेल्या मॉरिस अहवालानं या व्यवसायाचं स्वतःच स्वतःवर लक्ष ठेवणं पुरेसं मानलं नाही, आणि शिक्षणाच्या अरुंदपणाबद्दलही कान टोचले. 'आणखी एक गणिती विषय घाला' म्हणणाऱ्यांनी तो अहवाल एकदा तरी चाळावा.

संक्रमणाचे नियम शेवटच्या अर्ध्या तासात उरकणं

माझ्या मते सगळ्यात महाग चूक हीच. नव्या अभ्यासक्रमाचं कौतुक सगळ्यांना असतं. जुन्या आणि नव्याच्या मध्ये सापडलेल्या विद्यार्थ्याचा विचार कुणालाच नको असतो, कारण ते काम किचकट आहे आणि त्यावर टाळ्या पडत नाहीत.

काही वर्षांपूर्वी एका छोट्या संघटनेनं मला सल्ल्यासाठी बोलावलं होतं. ॲक्चुअरींची नव्हती, पण विम्याच्याच क्षेत्रात प्रमाणपत्र देणारी. दोन जुने पेपर एकत्र करून एक नवा बनवायचा होता. एक संभाव्यतेचा, दुसरा दाव्यांच्या राखीव निधीचा. दोन दिवस बैठक चालली. कुठल्या प्रकरणाला किती टक्के मार्क यावर खडाजंगी झाली. संक्रमणाचा विषय निघाला तो दुसऱ्या दिवशी चहानंतर. कुणाला विमान गाठायचं होतं, कुणाला डेक्कन क्वीन. नियम झटपट ठरला: दोन्ही जुने पेपर पास असतील तर नव्यातून सूट, नसतील तर नवा पेपर द्यायचा. कागदावर अगदी सुटसुटीत.

मी विचारलं, आजघडीला दोनपैकी एकच पास असलेले किती आहेत? परीक्षा विभागातल्या बाई म्हणाल्या, "सर, तसा रिपोर्ट सिस्टीममधून निघत नाही." अध्यक्ष म्हणाले, फार नसतील.

फार होते. राखीव निधीचा पेपर अवघड, म्हणून जो तो आधी संभाव्यतेचा देऊन मोकळा व्हायचा आणि मग दुसऱ्यावर अडकायचा. म्हणजे ही मंडळी तिथे साचली होती ती रस्त्याच्या रचनेमुळेच, आणि नियमाचा दणका नेमका त्यांनाच बसला. परिपत्रक निघालं आणि ई-मेल सुरू झाले. त्यातला नागपूरच्या एका मुलीचा मला दाखवण्यात आला. एक पेपर पास, दुसरा थोडक्यात गेलेला, आणि जुन्या पद्धतीची शेवटची परीक्षा नेमकी तिच्या बाळंतपणाच्या महिन्यात. तिच्या कंपनीत पेपरमागे पगारवाढ मिळायची. पास झालेला पेपरच आता धरला जाणार नसेल तर दिलेल्या वाढीचं काय करायचं, असं एचआरनं तिलाच विचारलं होतं. समितीतल्या एका ज्येष्ठांचं यावर म्हणणं, "नाहीतरी तिला ते वाचायचंच आहे ना!" हे गृहस्थ स्वतः फेलो झाले तेव्हा निकाल पोस्टानं कळायचे.

मग मलमपट्टी सुरू झाली. आधी जुनी परीक्षा आणखी एकदा घ्यायचं जाहीर झालं. तिची प्रश्नपत्रिका काढायला कुणी तयार होईना, म्हणून ती पुढे गेली. शेवटी नव्या पेपरचे दोन भाग पाडून एका भागाची सूट द्यायचं ठरलं, म्हणजे एवढा खटाटोप करून जे जोडलं होतं ते परत तोडलं. येरे माझ्या मागल्या. शंकासमाधानाचं पत्रक तोवर अभ्यासक्रमापेक्षा लांब झालं होतं.

हे आधी दिसू शकतं. अमेरिकेतल्या सोसायटी ऑफ ॲक्चुअरीजनं स्टॅम (अल्प मुदतीच्या विम्याचं गणित) आणि एलटॅम (दीर्घ मुदतीच्या विम्याचं) या परीक्षा बंद करून दोन्हींचा पाया एकत्र असलेली फॅम आणली, तेव्हा काही काळ फॅमचे दोन अर्धे स्वतंत्रपणेही देता येत होते. ज्याची एक बाजू झालेली आहे त्यानं फक्त दुसरी द्यावी. आपल्याकडे आणि ब्रिटनमध्ये २०१९ च्या अभ्यासक्रमात जुने पायाभूत पेपर सीटी-४ आणि सीटी-६ मिळून सीएस-२ झाला, सीटी-१ आणि सीटी-५ मिळून सीएम-१. दोनाचं एक करताना अर्धवटवाले तयार होणारच, याला काही दिव्यदृष्टी लागत नाही.

माझी सवय सांगतो. पद्धत वगैरे म्हणण्याइतकी ती मोठी नाही. अभ्यासक्रमाचं पहिलं पान लिहायच्या आधी एक एक्सेल शीट उघडतो आणि त्यात काल्पनिक विद्यार्थी भरतो, एका ओळीत एक. मंदार: पायाभूत सगळे पास, एक पेपर तीनदा नापास, मधे चार वर्षं परीक्षाच दिली नाही, सध्या दुबईत. शाहीन: विद्यापीठातून तीन पेपरांची सूट, अजून नोकरी नाही, फी स्वतःच्या खिशातून. पन्नाशीचे कुलकर्णी: एक एसए तेवढा राहिलाय आणि तो राहूनच गेलाय. प्रत्येकाला प्रस्तावित नियमांतून चालवायचं. पुढचा पेपर कोणता, एकूण फी किती वाढली, हातचं काय गेलं. ज्या ओळीपुढे 'हा सोडून देईल' असं लिहावंसं वाटतं, तिथला नियम बदलायचा. खऱ्या नोंदींतून कुठल्या प्रकारचे किती आहेत तेही काढून घ्यायचं. रिपोर्ट निघत नसेल तर निघेपर्यंत बैठक तहकूब. यावर लोक चिडतात, चिडू देत.

पेपर कोण काढणार हे न विचारणं

नव्या शाखेचा, म्हणजे वरच्या टप्प्यावरच्या नव्या विशेष विषयाचा, प्रस्ताव आला की मी एकच कागद पुढे सरकवतो: पहिल्या दोन वर्षांच्या प्रश्नपत्रिका कोण काढेल त्यांची नावं लिहा. खोलीत शांतता पसरते.

एका वरच्या पेपरला मुख्य परीक्षक लागतो, मसुदा तपासणारे लागतात, तो पेपर आधी स्वतः वेळ लावून सोडवून बघणारा कुणीतरी लागतो, मग उत्तरपत्रिका तपासणारे, सीमारेषेवरच्या पुन्हा तपासणारे. हे वर्षातून दोनदा. ही माणसं दिवसा कुठेतरी नोकरी करतात, आणि एप्रिल-मेमध्ये वर्षअखेरीच्या मूल्यांकनात गळ्यापर्यंत बुडालेली असतात. ज्या विषयात देशात मोजकेच जाणकार आहेत, त्यातले काही त्याच विषयाचे क्लास घेणारे निघतात, म्हणजे ते बाद. उरलेल्या दोघा-तिघांच्या जिवावर शाखा उघडायची आणि मग मॉडेल उत्तरांत चूक निघाली की त्यांनाच बोल लावायचे, हे मला पटत नाही.

प्रत्येक संघटनेनं प्रत्येक बिल्ला स्वतःच घडवायला हवा असं कुठे आहे? एंटरप्राइझ रिस्कच्या (अख्ख्या कंपनीच्या जोखमीच्या) 'सेरा' या पदवीसाठी २००९ मध्ये हैदराबादेत वेगवेगळ्या देशांच्या संघटनांनी मिळून करार केला, एकच समान पात्रता मानली. मनुष्यबळ तोकडं असेल तर हा विचार आधी करावा, नवी शाखा नंतर.

निकालाची टक्केवारी आधी ठरवणं

"पास होणारे वाढवा" हे उद्दिष्ट म्हणून योजनेत लिहिलेलं मी पाहिलंय, टक्क्यासकट. कंपन्यांना माणसं हवीत म्हणून. पासाची रेषा कुठे आखायची हे पेपर बघून ठरतं. त्याची अँगॉफ नावाची जुनी, कंटाळवाणी आणि भरवशाची पद्धत आहे. जेमतेम पास व्हायच्या लायकीचा विद्यार्थी डोळ्यांपुढे आणायचा आणि प्रत्येक प्रश्नाला विचारायचं, असे शंभर असतील तर किती जणांना हा जमेल? परीक्षक आपापल्या चिठ्ठीवर आकडा लिहितात. एकानं ७० लिहिलेलं असतं, दुसऱ्यानं ३५, आणि मग खरी मजा येते. सत्तरवाला म्हणतो, हे तर दुसऱ्या प्रकरणातलंच आहे. पस्तीसवाला म्हणतो, दुसऱ्या प्रकरणातलं आहे, पण प्रश्नाची भाषा तुम्हाला तरी एका वाचनात कळली का? कधी आकडा बदलतो, कधी प्रश्नच बदलतो. शेवटी सरासऱ्यांची बेरीज म्हणजे पासाची रेषा. यात वेळ जातो म्हणून शॉर्टकट काढणारे 'गेल्या वेळी ५८ होते, यंदाही ५८ ठेवू' म्हणतात. पेपर सोपा असो की अवघड! अशा रेषेवर उभ्या असलेल्या निकालावरून कुठलीच योजना आखता येत नाही.

उत्तीर्णांचं प्रमाण खरोखर कमी असेल तर विद्यार्थी कुठल्या पायरीवर गळतायत ते बघा. एकाच पेपरवर सगळे अडत असतील तर तो पेपर, त्याचं अभ्यास-साहित्य किंवा त्याची जागा यातलं काहीतरी चुकलंय.

बाकीच्या चुका थोडक्यात

आर ही संगणकी भाषा आली म्हणून आरची परीक्षा. सीएस पेपरांचा 'बी' भाग आरवर आणि सीएमचा एक्सेलवर होतो, हे चांगलंच आहे. पण चार वर्षांनी भाषा बदलली तर काय, याचं उत्तर तयार ठेवा. परीक्षा आकडेमोडीच्या समजेची असावी, कंस कुठे विसरला याची नको.

परदेशी अभ्यासक्रम जसाच्या तसा उचलणं. पायाभूत पेपरांना चालतं. आंतरराष्ट्रीय संघटनेचा किमान अभ्यासक्रम सगळ्यांना पाळायचाच असतो. वरच्या पेपरांना चालत नाही, कारण सॉल्व्हन्सीचे (देणी फेडण्याच्या क्षमतेचे) नियम, पीक विमा, ग्रॅच्युइटी हे सगळं इथलं आहे.

विद्यापीठाच्या पेपरांवरून मिळणाऱ्या सवलतींवर एकदा शिक्का मारून विसरणं. सूट द्यायला माझी हरकत नाही. दरवर्षी बाहेरच्या परीक्षकानं त्यांचे पेपर आणि उत्तरपत्रिका बघायलाच हव्यात. प्राध्यापक बदलला की दर्जा बदलतो.

नोकरी देणाऱ्यांची मतं म्हणून मुंबईतल्या चार मोठ्या आयुर्विमा कंपन्यांची मतं. सामान्य विमा, आरोग्य विमा, पेन्शनचं काम करणारी दोन माणसांची सल्लागार फर्म, यांना कोण विचारणार?

'दोन वर्षांत ॲक्चुअरी' असं म्हणणाऱ्यांना खूश करायला मधल्या पदव्यांची खैरात. सहयोगी सदस्याला सही कशावर करता येते, हे आधी ठरवा, मग त्याचं प्रमाणपत्र छापा.

ऑनलाइन परीक्षा. २०२० मध्ये नाइलाज होता आणि घरी बसून पुस्तक उघडं ठेवून परीक्षा झाल्या. पण पाठांतराचे प्रश्न तसेच ठेवून पुस्तक उघडू देणं म्हणजे टायपिंगची परीक्षा. पद्धत बदलायची तर प्रश्नांचा साचा आधी बदला, आणि त्याला वर्ष जातं.

पाच वर्षांच्या योजनेला दोन वर्षांच्या मुदतीचा अध्यक्ष. दर निवडणुकीनंतर नवा लोगो आणि नवं व्हिजन स्टेटमेंट येतं, संक्रमणाची शीट मात्र कुणाच्या तरी जुन्या लॅपटॉपवर राहते. ती कार्यालयाकडे असू द्या, पगारी माणसाच्या ताब्यात. स्वयंसेवक येतात-जातात.

आणि परिपत्रक शुक्रवारी संध्याकाळी काढू नका. सोमवारी सकाळी काढा, फोनवर नियम माहीत असलेला माणूस बसवून. पहिल्या आठवड्यात आलेला प्रत्येक प्रश्न लिहून ठेवायला सांगा आणि शनिवारी ती वही समितीच्या टेबलावर मागवा.