वळीव येण्याआधी: दमट हवा, घाटाकडचं आभाळ आणि झाडावरचा हापूस

एप्रिल सरत आला की माठातलं पाणी गार होईनासं होतं, मिठाची बरणी पाणावते, वाळत घातलेली आमसुलं दिवसभराच्या उन्हानंतरही बोटाला चिकटतात. बाष्प वाढल्याची ही खूण खरी, पण एवढ्यावरून आज वळीव येणार असं धरू नका. खारा वारा किनाऱ्यावर रोज दुपारी बाष्प आणतोच. पावसाला ते खूप उंचीपर्यंत भरलेलं लागतं. वरची हवा कोरडी असली तर ढग वाढता वाढता विरतो. ती ओली असली, की सह्याद्रीच्या चढावर उचलल्या गेलेल्या हवेतल्या बाष्पाचे थेंब होतात, तेव्हा उष्णता बाहेर पडते आणि तिच्याच जोरावर ढग आणखी चढतो.

वरचं बाष्प मोजणारे फुगे मुंबई, पणजी अशा मोजक्याच ठिकाणांहून सुटतात. रडारला थेंब दिसतात, बाष्प नाही. म्हणून कुठल्या वाडीत पडेल हे आदल्या दिवशी कुणी सांगू शकत नाही. हवामान खात्याचा तीन तासांचा तातडीचा इशारा मात्र ढग दिसल्यावर निघतो. तोडणीच्या दिवसांत तो पुन्हापुन्हा बघा.

मोबाइलवरच्या आर्द्रतेच्या टक्क्यांनी फसू नका. पहाटे २५ अंशांना ८० टक्के आणि दुपारी ३४ अंशांना ६० टक्के, यांत बाष्प दुपारच्याच हवेत जास्त असतं.

मी स्वतः दुपारी बारापासून घाटाकडे बघतो. फुलकोबीसारखे ढग भराभर चढायला लागले आणि माथा पसरट झाला, की समजायचं. वरचा वारा पूर्वेचा असला तर तेच ढग संध्याकाळी किनाऱ्यावर उतरतात.

इशारा असेल त्या दिवशी तयार फळ सकाळी दहाच्या आत झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, देठासकट उतरवा. कोवळं फळ भीतीपोटी काढू नका, ते नीट पिकत नाही. भिजलेला आंबा तसाच पेटीत भरलात तर करपा, म्हणजे काळे डाग पाडणारी बुरशी, वाढतो. सावलीत पसरून पुरता सुकू द्या. काजू बी आणि रातांब्यांची (कोकमाच्या फळांची) सालं झाकायला ताडपत्री खळ्यातच ठेवा.

झाडावर चढलेल्या गड्याला पहिल्या गडगडाटालाच खाली बोलवा. वीज चमकल्यापासून आवाजापर्यंत ३० सेकंदही लागले नाहीत, तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. सगळ्यांनी पक्क्या घरात जायचं, आंब्याखाली किंवा मांगराच्या (बागेतल्या शेतघराच्या) उघड्या पडवीत नाही. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं होईपर्यंत झेल्याची काठी हातात घेऊ नका.