जैवविविधता समितीला अध्यक्ष कसा शोधावा

२००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीला जैवविविधता व्यवस्थापन समिती करायला सांगितलं आहे. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली तेव्हा बऱ्याच गावांत ती घाईघाईने कागदावर आली आणि अध्यक्ष म्हणून समोर दिसेल त्याचं नाव लागलं. मी सावंतवाडी तालुक्यातली निवृत्त प्राथमिक शिक्षिका. आमच्या आणि शेजारच्या गावांत समितीसाठी माणूस शोधत फिरले आहे, त्यावरून हे लिहिते.

ग्रामसभेत नाव मागू नका. तिथे नेहमीचीच नावं येतात. त्याऐवजी वाडीवाडीत जाऊन साधे प्रश्न विचारा. गाय फुगली तर कुणाला बोलावता? पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध वर येणारे चढणीचे मासे यंदा कुठल्या व्हाळात (ओढ्यात) आले, हे आधी कुणाला कळतं? देवराईतलं झाड पडलं तर उचलावं की नाही, हे कुणाला विचारता? वेगवेगळ्या वाड्यांतून एकच नाव आलं तर ते लिहून ठेवा. बायकांची नावं पुरुषांकडून सहसा येत नाहीत. त्यासाठी बचत गटाच्या बैठकीत जा, तीही भातलावणीच्या दिवसांत नको.

मग त्या तीन-चार जणांना घेऊन राईत किंवा नदीकाठी एक फेरफटका मारा. मला माणूस कळतो तो इथेच. सगळी माहिती स्वतःच सांगत सुटणारा हुशार असेल, पण अध्यक्ष म्हणून तो बाकीच्यांची तोंडं बंद करील. चालता चालता मागच्या म्हातारीला ‘ह्या झाडाक तुमी काय म्हणतात?’ असं विचारणारा माणूस मला हवा. समितीचं मुख्य काम लोकांशी बोलून लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातली झाडं, प्राणी आणि त्यांबद्दल लोकांना असलेली माहिती यांची नोंद, तयार करण्याचं. ती एकट्याच्या आठवणीवर होत नाही. दुसरी गोष्ट, तो पोटात ठेवू शकतो का? वैदू आपलं औषध कुठे मिळतं ते विश्वासाने सांगेल आणि दुसऱ्या दिवशी बाजारात त्याचीच चर्चा असेल, तर तिसऱ्या दिवसापासून गावात कुणी काही सांगणार नाही.

व्यापाराचंही बघा. रानातला माल व्यापारासाठी नेणाऱ्याकडून समितीने शुल्क घेण्याची तरतूद कायद्यात आहे. म्हणून हिरडा, शिकेकाईचा खरेदीदार सदस्य असायला माझी हरकत नाही, उलट त्याला भाव कळतात. अध्यक्ष मात्र तो नसावा, हे माझं पक्कं मत.

दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डेची रानजायफळाची दलदल, म्हणजे रानजायफळाच्या झाडांची पाणथळ राई, २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ (कायद्याने जपायची जागा) झाली. गावाने ती देवाची राई म्हणून जपली होती म्हणून ती उरली. अशा जागेबद्दल गावाचा शब्द वजनाने मांडणारा माणूस आपल्याला शोधायचा आहे.

योग्य माणूस बहुधा नाहीच म्हणतो. ‘माका लिवूक येना नाय’, हे पहिलं उत्तर. त्याच्या घरी जा, चहा घ्या, आणि लिहिण्याचं काम ग्रामसेवक किंवा शिक्षक करतील हे आधी त्यांच्याशी ठरवूनच सांगा. बैठका किती, कुठे, जायचा खर्च कोण देणार, हेही त्याच वेळी. ‘गावाची सेवा’ एवढंच म्हणून गळ घालू नका. कष्टकरी माणसाला दिवसाची मजुरी बुडते.

सरपंचांना मात्र सुरुवातीपासून विश्वासात घ्या. २००४ च्या केंद्रीय नियमांत अध्यक्ष सदस्यांतून निवडायचा, ती बैठक सरपंचांच्या अध्यक्षतेखाली घ्यायची आणि समसमान मतं पडली तर त्यांचं मत निर्णायक, असं होतं. सदस्यांत किमान एक तृतीयांश महिला हव्यात, अध्यक्षाची मुदत तीन वर्षं, असंही होतं. २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आहे, म्हणून सदस्यसंख्या आणि निवडीची पद्धत नागपूरच्या महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाकडून लेखी मागवा, मगच नोटीस काढा.

निवड झाली की ठरावाची प्रत अध्यक्षाच्या हातात द्या, आणि पहिली बैठक पंचायतीच्या कार्यालयात न घेता सर्वांत लांबच्या वाडीत ठेवा. तिथे जेवढ्या बायका येतील, त्यांच्यापासूनच नोंदवहीचं पहिलं पान सुरू करा.