फेलोशिपच्या आधाराने संशोधन सॉफ्टवेअरच्या पेशात कसे यावे

दोना पावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून समुद्राचा अभ्यास करते, तर वास्कोचे राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र अंटार्क्टिकाच्या मोहिमांची धुरा वाहते. अशा संशोधनात जमणाऱ्या नोंदींतून निष्कर्ष काढायला प्रोग्रॅम लागतात आणि ते लिहिणे, सांभाळणे हा आता स्वतंत्र पेशा झाला आहे. प्रयोगशाळेतून, अध्यापनातून किंवा पणजीतल्या आयटी कंपनीतून इकडे वळू पाहणाऱ्याला फेलोशिपचा मोठा आधार होतो. मात्र ती नोकरी देत नाही. ती मार्गदर्शक, ओळखी आणि चारचौघांत दाखवता येईल असे काम देते.

म्हणून आधी फेलोशिपचा प्रकार ओळखावा. ब्रिटनच्या सॉफ्टवेअर सस्टेनेबिलिटी इन्स्टिट्यूटच्या फेलोशिपमध्ये पगार नसतो. कार्यशाळा, प्रवास अशा उपक्रमांसाठी रक्कम मिळते. शिक्षणात मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार करणाऱ्या आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाची उन्हाळी फेलोशिप विद्यार्थ्यांसाठी आहे. आउटरीची ही मानधनासह घरबसल्या करण्याची तीन महिन्यांची इंटर्नशिप असून तिच्या अर्जाच्या काळातच निवडलेल्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाला प्रत्यक्ष हातभार लावावा लागतो. पात्रता आणि मानधन नीट वाचल्याशिवाय हातच्या नोकरीचा राजीनामा देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि तिला पुरेसा वेळ द्यावा. स्वतःचा एखादा जुना प्रोग्रॅम घ्यावा, समजा समुद्राच्या तापमानाच्या नेटसीडीएफ (वैज्ञानिक नोंदी साठवण्याचा एक प्रकार) फाइली वाचून मासिक सरासरी काढणारा. त्यात बहुधा डी ड्राइव्हवरच्या फोल्डरचा पत्ता थेट लिहिलेला असतो, त्यामुळे दुसऱ्याच्या संगणकावर तो पहिल्याच ओळींत अडतो. तो पत्ता काढून वेगळ्या सेटिंग फाइलमध्ये ठेवावा. उत्तर आधीच ठाऊक असलेली एक छोटी फाइल चाचणीसाठी जोडावी. प्रोग्रॅम कसा चालवायचा ते रीडमी फाइलमध्ये लिहावे आणि इतरांनी तो कोणत्या अटींवर वापरावा हे सांगणारा परवाना निवडावा. मग तो गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर ठेवून झेनोडो या खुल्या संशोधन-संग्रहावर त्याचा डीओआय, म्हणजे कायमचा ओळख क्रमांक, घ्यावा, म्हणजे शोधनिबंधाप्रमाणे त्याचाही संदर्भ देता येतो. नोकरीत लिहिलेला कोड बहुतेक वेळा संस्थेच्या मालकीचा असतो, तेव्हा लेखी परवानगी आधी घ्यावी.

यानंतर समुदायात मिसळावे. द कार्पेंट्रीज ही संस्था संशोधकांना प्रोग्रॅमिंग शिकवणारे प्रशिक्षक तयार करते, तर आरएसई (रिसर्च सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग) एशिया आशियातील या पेशातल्या लोकांना एकत्र आणते.

अर्जात ‘मला शिकायची आवड आहे’ असे मोघम लिहून भागत नाही. समजा, गिट या कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनाविषयी शिकवायचे आहे. ‘ताळगावच्या गोवा विद्यापीठातील सागरविज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी गिटची दोन दिवसांची कार्यशाळा घेईन आणि तिचे साहित्य मराठी व कोंकणीत खुले ठेवीन’ असा नेमका बेत, खर्च आणि तारखा द्याव्यात. तारखा ठरवताना चतुर्थीचे दिवस टाळावेत. त्या आठवड्यात घरी न जाणारा विद्यार्थी सापडणे कठीण! शिफारसपत्र मोठ्या हुद्द्याच्या व्यक्तीपेक्षा तुमचा कोड वापरलेल्या सहकाऱ्याकडून घेतलेले बरे.

निवड झाल्यावर मार्गदर्शकाशी पहिल्याच भेटीत पुढच्या नोकरीविषयी मोकळेपणाने बोलावे. आपल्याकडील सरकारी संशोधन संस्थांच्या जाहिरातींत असे काम पुष्कळदा ‘प्रोजेक्ट असोसिएट’ या पदाखाली असते, त्यामुळे पदाच्या नावावर न जाता कामाचा तपशील वाचावा आणि मुलाखतीला जाताना डीओआयची यादी सोबत न्यावी.