टीव्ही बंद पडला? मेकॅनिकला बोलावण्याआधी या चुका टाळा

मुंबईत नोव्हेंबर २०१२ पासून केबल डिजिटल झाली आणि टीव्हीसोबत सेट-टॉप बॉक्स आला. तेव्हापासून बिघाडाचं रूपही बदललं. पूर्वी सिग्नल कमी झाला की पडद्यावर मुंग्या यायच्या, आवाज खरखरायचा, पण चित्र दिसत राहायचं. डिजिटलमध्ये सिग्नल एका पातळीच्या वर आहे तोवर चित्र एकदम स्वच्छ असतं. त्याखाली घसरला की चौकोन पडतात, आवाज तुटतो आणि लगेच सगळंच जातं. म्हणून ‘काल रात्रीपर्यंत मस्त चालू होता’ ही तक्रार खरी असते, पण बिघाड कालचा नसतो. गच्चीवरचा कनेक्टर कित्येक महिने गंजत आलेला असतो.

बिघाड कुठे आहे ते न बघता टीव्ही उघडू देणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. चित्र तीन टप्प्यांतून येतं: डिश किंवा केबलची वायर, मग बॉक्स, मग टीव्ही. यातला कुठला टप्पा अडला आहे ते घरबसल्या पाच मिनिटांत कळतं.

आधी पडद्यावरचा संदेश कोणाचा आहे ते बघा. काळ्या किंवा निळ्या पडद्यावर नुसतं ‘नो सिग्नल’ फिरत असेल, तर तो संदेश टीव्हीचा आहे. बॉक्सकडून त्याच्यापर्यंत काहीच पोचत नाही. बॉक्सला वीज आहे का, बॉक्स आणि टीव्हीला जोडणारी एचडीएमआय वायर दोन्ही टोकांना घट्ट आहे का, आणि टीव्हीच्या ज्या पोर्टमध्ये ती खुपसली आहे तोच रिमोटच्या सोर्स बटणाने निवडलाय का, हे बघा. वायर एचडीएमआय २ मध्ये आणि टीव्ही एचडीएमआय १ वर, असं फार घरांत सापडतं.

संदेशात कंपनीचं चिन्ह किंवा एरर क्रमांक असेल, तर बोलतोय तो बॉक्स. अशा वेळी बॉक्सच्या रिमोटवरचं मेनू बटण दाबा. मेनू स्वच्छ दिसला की टीव्ही आणि एचडीएमआय दोन्ही ठीक. दोष बॉक्सच्या मागे, म्हणजे वायर, डिश, केबलवाल्याची लाइन किंवा संपलेलं रिचार्ज यात आहे. टीव्हीच्या स्क्रूला हात लावायचं काहीच कारण उरत नाही.

तिसरा प्रकार: आवाज येतो, पडदा मात्र काळा. खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च पडद्याच्या अगदी जवळ तिरका धरा. अंधूक माणसं हलताना दिसली तर पॅनेल, म्हणजे चित्र उमटवणारा पडदा, शाबूत आहे; त्याला मागून उजेड देणारी बॅकलाइट गेली आहे. एलईडी पट्ट्या बदलून हे काम होतं. पॅनेल बदलायचं तर खर्च बऱ्याचदा नव्या टीव्हीच्या आसपास जातो, म्हणून ‘पॅनेल गेलं’ हे ऐकण्याआधी ही चाचणी स्वतः करून ठेवा.

पावसात डिश गेली की पावसालाच दोष देणं

डिशचे सिग्नल केयू बँड नावाच्या लहरींच्या पट्ट्यात, साधारण ११ ते १२ गिगाहर्ट्झच्या आसपास येतात आणि या लहरी पावसाच्या थेंबांत शोषल्या जातात. जुलैतल्या धो धो सरीत दहा-पंधरा मिनिटं चित्र गेलं आणि सर ओसरल्यावर आपोआप आलं, तर ते स्वाभाविक आहे. तिथे काही दुरुस्त करायचं नसतं.

पण साध्या रिमझिमीतही चौकोन पडत असतील, तर डिश किंचित हललेली आहे किंवा कनेक्टरमध्ये पाणी गेलंय. कोरड्या हवेत सिग्नल जेमतेम पुरत असतो, थोडा पाऊस आला की तो पातळीखाली जातो. बॉक्सच्या सेटिंगमध्ये सिग्नलचे दोन आकडे दिसतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. बहुतेक लोक पहिला बघतात; चित्र ठरतं ते दुसऱ्यावर. डिश नीट लागल्यावर निरभ्र दिवशी क्वालिटी किती आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढे तो आकडा खाली आलेला दिसला की तक्रारीला पुरावा हातात असतो.

मुंबईतून बघितलं तर डीटीएचचे उपग्रह आग्नेयेच्या आकाशात आहेत. डीडी फ्री डिशचा जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्वेला आहे. त्यासाठी डिशची नजर क्षितिजापासून जवळपास ५८ अंश वर जाते. त्या दिशेला काय आहे ते महत्त्वाचं. मे महिन्यात सोसायटी गच्चीवर पत्र्याची शेड टाकते किंवा ताडपत्री बांधते, आणि डिश तिच्याखाली जाते. रंगकाम निघालं की परांची बांधणारे डिश बाजूला सरकवतात आणि अंदाजाने परत बसवतात. एक-दोन अंशांचा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण पावसासाठी असलेली सिग्नलची सगळी शिल्लक तेवढ्यानेच संपते. खिडकीबाहेरच्या बॉक्स ग्रीलला बांधलेली डिश तर कपडे वाळत घालतानाही हलते. ती भिंतीला किंवा काँक्रीटच्या कठड्यालाच बसवून घ्या.

मार्च आणि ऑक्टोबरच्या सुमारास लागोपाठ काही दिवस, ठरावीक वेळी काही मिनिटं चित्र जात असेल, तर घाबरू नका. तेव्हा सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे येतो. त्या काळात डिश फिरवून घ्याल तर चांगली लागलेली डिश बिघडवून घ्याल.

एफ कनेक्टर उघडा ठेवणं

वायरच्या टोकाला बसवून पिळून घट्ट करायचा धातूचा तुकडा म्हणजे एफ कनेक्टर. शहरातले निम्मे त्रास इथून सुरू होतात असं आमचं मत आहे. वरळी, दादर, वर्सोवा अशा समुद्राजवळच्या भागांत खारी हवा लवकर गंज धरते. एलएनबीकडचा, म्हणजे डिशच्या समोर दांडीवर बसवलेल्या सिग्नल पकडणाऱ्या डबीकडचा, कनेक्टर काढून बघा: मधल्या तांब्याच्या तारेवर हिरवट थर आणि तिच्याभोवतीची बारीक तारांची जाळी काळी पडलेली असेल, तर पुसून भागत नाही. वायर तीन-चार इंच कापून नवा कनेक्टर लावा. मधली तार कनेक्टरच्या तोंडाबाहेर २ ते ३ मिलिमीटर यायला हवी. जाळीचा एक केसही तिला चिकटता कामा नये, कारण याच वायरमधून बॉक्स एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट पुरवतो आणि तो केस तिथे शॉर्ट करतो. म्हणूनच कनेक्टरला हात लावण्याआधी बॉक्सचा प्लग काढायचा.

वर साधी काळी इन्सुलेशन टेप गुंडाळू नका. उन्हात तिचा गोंद सुटतो आणि आत गेलेलं पाणी तिथेच अडकतं. ओढून गुंडाळल्यावर स्वतःलाच चिकटणारी रबर टेप मिळते, ती वापरा. डिशला लागणारी आरजी-६ वायर, कनेक्टर, टेप हे सगळं मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात एका फेरीत होतं. वायर खिडकीतून आत घेताना बाहेर खाली झोळ सोडा, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी टपकतं. झोळ नसेल तर ते वायरवरून थेट बॉक्सपर्यंत येतं.

चालू बॉक्सला एचडीएमआय लावणं

बॉक्सच्या धातूला किंवा केबलच्या वायरीला हात लागला की झिणझिण्या येतात? बॉक्सच्या दोन पिनांच्या अडॅप्टरमधून थोडा करंट गळत असतो, आणि केबलच्या वायरीतून इमारतीच्या नोडकडचा, म्हणजे केबलवाल्याच्या सिग्नल वाटणाऱ्या पेटीकडचा, व्होल्टेजही घरात येऊ शकतो. अशात चालू स्थितीत एचडीएमआय खुपसली तर तो करंट पोर्टच्या नाजूक पिनांमधून वाट काढतो आणि पोर्ट जळतो. जुन्या चाळींत अर्थिंग धड नसतं, तिथे हे जास्त होतं. क्रम असा ठेवा: टीव्ही आणि बॉक्स दोन्हींचे प्लग काढा, केबलची वायर सोडवा, मग एचडीएमआय लावा, नंतर केबल, शेवटी वीज. झिणझिण्या तीव्र असतील तर आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि केबलवाल्याला नोड बघायला सांगा.

टीव्हीच्या मागच्या लेबलवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर वेगळा स्टॅबिलायझर सहसा लागत नाही. विजा कडाडत असताना नुसतं रिमोटने बंद करणं पुरत नाही. प्लग आणि डिशची वायर दोन्ही काढा.

पडद्यावर थेट फवारा

दिवाळीच्या साफसफाईत टीव्ही याच चुकीने जातात. फवारलेलं पाणी ओघळून खालच्या पट्टीत शिरतं. पॅनेलला जोडणाऱ्या चिप असलेल्या पातळ फिती बऱ्याच मॉडेलमध्ये तिथेच असतात. काही दिवसांनी उभी रेघ उमटते, मग दुसरी, आणि अर्धा पडदा जातो. काचेचे अमोनियायुक्त क्लीनर वरचा थरही खराब करतात. टीव्ही बंद करून गार होऊ द्या, कोरडं मायक्रोफायबर कापड हलक्या हाताने फिरवा. डाग गेला नाही तर कापडाचं टोक डिस्टिल्ड वॉटरने जेमतेम ओलसर करा.

पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीला टीव्ही चिकटवून लावू नका, मागे निदान दोन-तीन इंच हवा खेळू द्या. रोज तासभर चालू ठेवला तर आतली दमट हवा निघते. बॅकलाइट कायम १०० वर ठेवून भडक रंगांचा व्हिव्हिड मोड लावायची गरज घरात नसते. स्टँडर्ड मोड आणि ५०-६० वर एलईडी पट्ट्या बऱ्याच जास्त टिकतात.

बॉक्सवर राउटर, राउटरवर बॉक्स

बॉक्स तापतो, अडकतो, आपोआप रीस्टार्ट होतो. त्याच्यावर काहीही ठेवू नका, क्रोशाचं कापडही नाही. उबेला झुरळं आणि पाली येतात आणि सर्किट शॉर्ट करतात. रिचार्ज करताना बॉक्स चालू असू द्या, कारण चॅनल सुरू करण्याचा आदेश त्याला वायरीतूनच मिळतो. अर्ध्या तासात चॅनल आले नाहीत तर ॲपमधून रिफ्रेश पाठवा. कार्ड लागणारा बॉक्स असेल तर प्लग काढून कार्डाचा सोनेरी भाग कोरड्या कापडाने पुसा.

रिमोट चालत नसेल तर मोबाइलचा सेल्फी कॅमेरा त्याच्या टोकासमोर धरून बटण दाबा. पांढरट-जांभळा ठिपका लुकलुकला तर रिमोट ठीक, दोष समोरच्या सेन्सरमध्ये किंवा त्याच्या आड आलेल्या वस्तूत आहे. गणपतीला किंवा मे महिन्यात गावी जाताना त्यातले सेल काढून ठेवा. ते पाझरले की स्प्रिंग खातात.