राज्य मंत्रिमंडळाबाबतचे गैरसमज : निवेदन देण्यापूर्वी या चुका टाळा

दर वर्षी 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, पालकमंत्री ध्वजारोहणासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी येतात आणि कार्यक्रम आटोपताच निवेदने घेऊन थांबलेल्यांचा गराडा त्यांच्याभोवती पडतो. समजा, परभणी जिल्ह्यातील एका गावाने जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे आवर्तन, म्हणजे पाळीने सोडले जाणारे पाणी, टोकाच्या शेतापर्यंत पोहोचत नसल्याची तक्रार दिली. कागदावर ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव’ असा शेरा पडतो, तो जिल्हाधिकारी कार्यालयाच्या टपालात जातो, तिथून पाटबंधारे कार्यालयाकडे सरकतो, आणि तोवर पाण्याची पाळी संपून गेलेली असते. गावाची मागणी रास्त असते, परंतु कोणत्या मंत्र्याकडे कोणता अधिकार आहे, हे न पाहता ती दिलेली असते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे पालकमंत्र्याला जिल्ह्याचा सर्वाधिकारी समजणे. पालकमंत्री हे पद राज्यघटनेत नाही. मुख्यमंत्री मंत्र्यांकडे जिल्हे सोपवतात आणि सामान्य प्रशासन विभाग तसा आदेश काढतो. तो मंत्री त्याच जिल्ह्याचा असावा, असेही बंधन नाही. जानेवारी 2025 मध्ये बीडचे पालकमंत्रिपद बारामतीचे तेव्हाचे आमदार अजित पवार यांच्याकडे देण्यात आले, हे त्याचे उदाहरण आहे. पालकमंत्र्याचे खरे वजन जिल्हा नियोजन समितीत असते, कारण तो तिचा अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी सदस्य सचिव असतात. जिल्हा वार्षिक योजनेतून होणारा रस्ता किंवा शाळाखोली मागायची असेल, तर निवेदन त्याच्याकडेच द्यावे. जायकवाडीचे पाणी मात्र जलसंपदा विभागाचा विषय आहे. त्याचे निवेदन त्या खात्याच्या मंत्र्याच्या नावे करून त्याची प्रत गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाला द्यावी, पालकमंत्र्याला माहितीसाठी द्यावी, आणि प्रत्येक ठिकाणी आवक क्रमांकासह पोच घ्यावी.

नेमणुकीबाबतचा गोंधळ स्पर्धा परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतही दिसतो. अनुच्छेद 164 नुसार मुख्यमंत्र्यांची नियुक्ती राज्यपाल करतात आणि इतर मंत्र्यांची नियुक्ती मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने करतात. म्हणजे मंत्र्यांची यादी राज्यपाल ठरवत नाहीत. राज्यपालांची मर्जी असेपर्यंत मंत्री पदावर राहतो, हे वाक्य घटनेत असले तरी प्रत्यक्षात ती मर्जीही मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्यानेच चालते. उपमुख्यमंत्री हे पदही घटनेत नाही. त्या व्यक्तीचा घटनात्मक दर्जा मंत्र्याचाच असतो आणि तिला कोणते खाते मिळाले, यावर तिचे अधिकार ठरतात.

संख्येच्या हिशेबात एक ठरावीक चूक होते. 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीने मुख्यमंत्र्यांसह एकूण मंत्री विधानसभेच्या सदस्यसंख्येच्या 15 टक्क्यांपेक्षा अधिक नसावेत, अशी मर्यादा घातली. विधान परिषदेचे 78 सदस्य त्यात मिळवून 54 हे उत्तर काढणारे बरेच जण भेटतात, परंतु आधार केवळ विधानसभेच्या 288 जागांचा आहे, म्हणून कमाल संख्या 43 येते. किमान 12 मंत्र्यांची तरतूदही अनुच्छेद 164 मध्येच आहे. तरीही 30 जून 2022 पासून 9 ऑगस्टच्या विस्तारापर्यंत महाराष्ट्राचा कारभार दोघांच्याच मंत्रिमंडळाने चालवला, आणि हा वाद तेव्हा बराच गाजला.

आमदार नसलेली व्यक्ती मंत्री होऊच शकत नाही, हाही समज सोडून द्यावा. ती शपथ घेऊ शकते, मात्र सहा महिन्यांत कोणत्या तरी सभागृहाची सदस्य व्हावी लागते. उद्धव ठाकरे यांनी 28 नोव्हेंबर 2019 रोजी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली आणि मे 2020 मध्ये, मुदत संपत आली असताना, ते विधान परिषदेवर बिनविरोध निवडून आले. निवडून न येता राजीनामा देऊन पुन्हा शपथ घ्यायची, ही पळवाट सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये पंजाबच्या प्रकरणात बंद केली.

मराठवाड्यात सर्वाधिक जिव्हाळ्याने मांडला जाणारा मुद्दा म्हणजे मंत्रिमंडळातील वाटा. शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोक चव्हाण असे चार मुख्यमंत्री या विभागाने दिले, त्यामुळे विस्तारात आठ जिल्ह्यांपैकी एखादा वगळला गेला की नाराजी होणे स्वाभाविक आहे. ती नाराजी मला योग्यच वाटते. मात्र ‘अनुच्छेद 371 नुसार आमचे मंत्रिपद’ असे निवेदनात लिहू नये, कारण ती तरतूद विकास मंडळे आणि निधीच्या समन्यायी वाटपाविषयी आहे. विभागवार मंत्रिपदांचा कोटा कोणत्याही कायद्यात नाही. विकास मंडळाची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली. त्या अनुच्छेदाच्या आधारे मागायचे असेल, तर मंडळाचे पुनरुज्जीवन आणि निधीचा हिशेब मागावा.

राज्यमंत्री भेटला म्हणजे काम मंत्रिमंडळासमोर जाईल, असेही धरून चालू नये. मंत्रिमंडळाच्या बैठकीत एरवी कॅबिनेट मंत्री बसतात, आणि राज्यमंत्र्याचे अधिकार त्याच्याकडे सोपवलेल्या विषयांपुरतेच असतात. शपथविधी आणि खातेवाटप एकाच दिवशी होतेच असे नाही, म्हणून वर्तमानपत्रातील संभाव्य यादीवरून मंत्र्याचे नाव न टाकता खातेवाटपाचा आदेश निघेपर्यंत थांबावे.