दोन्ही दुर्बिणी नॉर्मल, तरी रक्त कमीच? या चुका टाळा

हिमोग्लोबिन सात-आठवर. लोहाच्या गोळ्या चालू असल्या की जरा चढतं, थांबवल्या की पुन्हा खाली. वरून आणि खालून दुर्बीण झाली, दोन्ही रिपोर्ट नॉर्मल. घरच्यांच्या जिवात जीव येतो आणि फाईल कपाटात जाते. लहान आतड्याचा कर्करोग उशिरा सापडतो तो बऱ्याचदा याच चुकीमुळे.

तोंडातून जाणारी दुर्बीण जठर ओलांडून ड्युओडेनमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या, वळणापर्यंतच पोचते. खालची दुर्बीण लहान आतड्याचं शेवटचं टोक तेवढं पाहते. मधलं काही मीटर आतडं कुणी पाहिलेलंच नसतं, आणि रक्त तिथूनच झिरपत असू शकतं. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा, ‘लहान आतडं कशात पाहिलं?’ ‘सोनोग्राफीत’ हे उत्तर पुरेसं नाही, आतड्यातल्या वायूमुळे तिथे नीट दिसत नाही.

सीटी एन्टेरोग्राफी, म्हणजे लहान आतड्याचा खास सीटी स्कॅन, सांगितली असेल तर आधी पाजतात ते पाणी पूर्ण प्या. लिटर-दीड लिटर, बहुधा मॅनिटॉल घातलेलं, गोडसर. तिसऱ्या ग्लासाला मळमळायला लागतं आणि सोबतचं माणूस मायेनं म्हणतं, ‘राहू दे आता.’ तिथेच तपासणी बिघडते. आतडं फुगलं नाही तर घड्या चिकटून राहतात, बारीक गाठ त्यांत दडते, आणि कधी नुसती घडीच गाठीसारखी दिसते. अगदीच जात नसेल तर टेक्निशियनला सांगा, पण ग्लास गुपचूप ओतून देऊ नका.

आतड्यातून जाताना फोटो काढणारी कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळण्याआधी, जेवल्यावर पोट फुगून मुरडा येत असेल, उलट्या होत असतील तर ते सांगाच. आतडं अरुंद झालं असेल तर कॅप्सूल अडकते. ती बाहेर पडल्याची खात्री होईपर्यंत एमआरआय करायचा नाही. शिवाय कॅप्सूल फक्त फोटो काढते. तपासायला गाठीचा तुकडा घ्यायचा तर बलून एन्टेरोस्कोपी, म्हणजे फुग्याच्या मदतीनं लहान आतड्यात खोलवर जाणारी दुर्बीण, लागते, कधी थेट ऑपरेशन.

न्यूरोएंडोक्राइन गाठीच्या (हार्मोन बनवणाऱ्या पेशींच्या गाठीच्या) संशयावरून रक्तातलं क्रोमोग्रॅनिन ए तपासायचं असेल तर पॅन्टोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल या ॲसिडिटीच्या गोळ्या चालू असल्याचं आधी कळवा. या गोळ्यांनी आकडा खोटा वाढतो.

आणि टीबी. आपल्याकडे आतडं जाड दिसलं की टीबीची शंका येते, ती रास्तच आहे. पण लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा कर्करोगही तसाच दिसू शकतो. तुकडा न तपासता टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या असतील आणि दोन महिन्यांनीही वजन उतरतच असेल, तर गोळ्या मनानं बंद न करता त्याच डॉक्टरांकडे बायोप्सीचा, म्हणजे तुकडा तपासण्याचा, विषय काढा. जाताना स्कॅनची सीडीही न्या, नुसता कागद नको.