एअर रायफलचं बॅरल मधेच धरत असेल तर

छर्रे चांगले, साईट घट्ट, पोरगी रोज सराव करणारी, तरी दहा मीटरवर छर्र्यांच्या भोकांचा ग्रुप विखुरलेलाच. अशी रायफल कुणी घेऊन आलं की मी आधी बॅरल तपासतो. माझी सगळी नोकरी बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक सिलिंडरचं होनिंग करण्यात, म्हणजे ते आतून घासून नेमक्या मापाला आणण्यात झाली. बोअर, म्हणजे आतलं भोक, केवढंही असो, घट्ट जागा हाताला कळतेच.

हे फक्त ४.५ मिलिमीटरच्या एअर रायफलबद्दल आहे. खानापूरकडं काही घरांत पीकराखणीची परवान्याची बंदूक असते, तिला हे उपाय करू नका. शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे तिची दुरुस्ती परवाना असलेल्या कारागिराकडंच करायची.

बॅरल मधे घट्ट असलं की काय होतं बघा. छर्रा मऊ शिशाचा. घट्ट जागेत तो दाबला जाऊन बारीक होतो, आणि पुढचं बोअर त्याला सैल पडतं. मग आटे, म्हणजे बॅरलच्या आतल्या पिळाच्या खाचा, त्याला नीट धरत नाहीत, बाजूनं हवाही निसटते. कागदावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, त्यामुळं तेवढी ढिलाई तिथं लगेच दिसते. तोंडाजवळचा शेवटचा इंचभर मात्र पुष्कळ बॅरलमध्ये मुद्दाम घट्ट ठेवलेला असतो. त्याला चोक म्हणतात. तो दोष नाही, त्याला धक्का लावायचा नाही.

तपासायला बॅरल रायफलीवरून काढून घ्या. स्प्रिंगची रायफल उघडून, ताणलेल्या स्प्रिंगसमोर बोटं घालून हे काम कधीच करू नका. पीसीपी, म्हणजे टाकीत दाबून भरलेल्या हवेवर चालणारी रायफल असेल, तर आधी हवा पूर्ण सोडा. मग बॅरल साफ करा, कापडाचा तुकडा पांढरा बाहेर येईपर्यंत. अर्ध्या तक्रारी इथंच मिटतात, कारण साचलेलं शिसंही छर्रा धरतं.

आता छर्र्याला तेलाचं बोट लावा आणि मागच्या बाजूनं, सपाट टोकाच्या पितळी रॉडनं हळू ढकला. सुरुवातीला आटे कापले जाताना जोर लागणारच. नंतर हात एकसारखा चालला पाहिजे. हाताकडं नीट लक्ष द्या. खरखर लागली तर गंज आहे. जांबोटीकडच्या पावसात रायफल खोळीत ठेवून दिली की हे हमखास होतं. गुळगुळीत पण जड लागलं आणि पुढं एकदम मोकळं झालं, म्हणजे बांगडी हाताच्या हाडावरून उतरून मनगटात गेली की लागतं तसं, तर बोअर खरंच आवळलंय. तिथं रॉडवर मार्करनं खूण करा. दुसरा, तिसरा छर्रा घाला. खूण त्याच जागी आली पाहिजे. खात्रीसाठी छर्रा त्या जागेच्या जरा पुढं नेऊन, चोकला लागायच्या आधी, तोंडाकडून रॉड घालून मागं ढकला. परत येताना तो घट्ट जागेच्या मागच्या भागात सैल सरकला, तर निदान पक्कं.

पॉलिश पेपर हातात घेण्याआधी रॉडचं माप बॅरलच्या बाहेरून धरा. त्या जागी बाहेर काय आहे? पुढच्या साईटचा स्क्रू, वजनाची पट्टी, दाबून बसवलेली बाही, खोल ठोकलेला छाप? स्क्रू सैल करा, पट्टी सरकवा, परत छर्रा घाला. जड जागा गेली तर काम झालं, स्क्रू पुढं बेतानं आवळा. बाहेरून धातू कापून उपाय करू नका. बटण-रायफलिंगच्या, म्हणजे कठीण बटण आतून दाबून नेऊन आटे पाडलेल्या, बॅरलवर बाहेरून खाच घेतली की आतलं बोअर त्या जागी मोकळं होतं, आणि ते परत घट्ट करता येत नाही.

बाहेर काहीच नसेल तरच लॅपिंग, म्हणजे बोअरमध्येच ओतलेल्या शिशाच्या तुकड्याला (लॅपला) पावडर लावून आतून घासणं. मागच्या बाजूची रबरी रिंग काढून ठेवा. बॅरल मागची बाजू वर करून उभं धरा, गरम करा. तीन मिलिमीटरचा स्टीलचा रॉड तोंडाकडून घालून त्याचं खरबडीत केलेलं टोक मागून बाहेर काढा. टोकापासून तीन-चार सेंटिमीटर खाली सुती दोरा गुंडाळा, टोक मागच्या कडेच्या थोडं खाली आणा आणि वरून शिसं ओता. शिसं ३२७ अंशाला वितळतं. जागा उघड्यावरची हवी, भांडं स्वयंपाकाचं नको आणि पाण्याचा थेंबही जवळ नको, नाहीतर शिसं उडतं. रॉडची मूठ बेअरिंगवर फिरती ठेवा, म्हणजे लॅप आट्यांबरोबर वळतो. लॅप अर्धा बाहेर काढा, पूर्ण नाही, आणि तेलात कालवलेली ६०० ग्रिटची घासायची पावडर लावा. रॉड चोकमधून जाताना तोंडाची कड घासू नये म्हणून तिथं प्लॅस्टिकची नळी घाला. लॅप चोकमध्ये जाऊ नये म्हणून रॉडवर टेपची खूण करा.

घट्ट जागेवर आधी आखूड फेरे मारा, मग दोन्हीकडं लांबवत न्या. लॅप जड जागी आपोआप जास्त कापतो. थोडे फेरे झाले की थांबा, सगळी पावडर धुऊन काढा, नवा छर्रा ढकला. मशीनवर असतानाही मी बोअर असंच परत परत मोजायचो, कारण मायक्रॉन काढता येतात, घालता येत नाहीत. जडपणा किंचित उरला तरी मी सोडतो.

शेवटी बॅरल साबणाच्या पाण्यानं धुवा, पूर्ण कोरडं करा, आतून तेलाचा हलका हात द्या आणि जोडण्याआधी तेही पुसून काढा. स्प्रिंगच्या रायफलीत तेल मागं शिरलं तर दाबानं पेट घेतं. मग ४.४९, ४.५० आणि ४.५१ डोक्याचे छर्रे वेगवेगळे मारून बघा. लॅपिंगनंतर आधीचाच आकार बसेल असं नाही, बहुधा एक पायरी मोठा लागतो.